मोरबे नव्हे, धावरी

नवी मुंबईत, वाशीत, नेरुळात, घणसोलीत कुणालाही विचारा, नळाला पाणी कुठून येतं? उत्तर एकच: मोरबेहून. पावसाळ्यात धरणाची पातळी 88 मीटरच्या किती जवळ पोचली याची रोज चर्चा होते. 190.89 दशलक्ष घनमीटर हा साठ्याचा आकडाही पुष्कळांना पाठ असतो. स्वतःच्या मालकीचं धरण असलेली महापालिका याचा शहराला अभिमान आहे, आणि तो असावाही. पण धरण पाणी देत नाही, ते फक्त अडवतं. खालापूर तालुक्यात जिला अडवून हा साठा होतो ती नदी धावरी, पाताळगंगेची उपनदी. जिचं पाणी रोज पितो तिचं नाव मात्र शहराच्या बोलण्यात नाही.

खारघर, उलवे, द्रोणागिरीकडे गेलं की उत्तर बदलतं: हेटवणे. तेही धरणच, पेण तालुक्यातलं. नदी कुठली म्हणाल, तर धरणांच्या यादीत ती भोगेश्वरी असते आणि पेणच्या बाजारात भोगावती. एकाच पाण्याला दोन नावं, आणि पिणाऱ्याला दोन्ही अपरिचित.

याच्या उलट भातसा आणि बारवी बघा. या दोन धरणांना त्यांच्या नद्यांचीच नावं मिळाली, म्हणून त्या नद्या लोकांच्या तोंडी राहिल्या. भातसा म्हटलं की निदान एवढं तरी कळतं की ही कसाऱ्याच्या बाजूने, शहापुरावरून येणारी नदी आहे आणि पिसे बंधाऱ्यावर तिचं पाणी मुंबईसाठी उचललं जातं. बारवीचं नाव तर डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांतल्या माणसालाही माहीत असतं. धरण बांधताना कागदावर काय नाव घातलं, एवढ्याशा गोष्टीने एक नदी ओळखीची राहिली आणि दुसरी विसरली गेली.

उपनदीचं नाव हा भाषेच्या हौशी माणसांचा विषय समजला जातो. प्रत्यक्षात तो जमिनीचा, पैशाचा आणि पुराचा विषय आहे. म्हणून मागणी साधी आहे: ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या प्रत्येक उपनदीला उगमापासून संगमापर्यंत एकच अधिकृत नाव आणि एकच आखलेला मार्ग असावा, आणि महसूल, जलसंपदा, महापालिका, एमआयडीसी, सिडको, प्रदूषण मंडळ या सगळ्यांच्या कागदांवर तोच असावा. नाव जिथे बदलतं तिथे जबाबदारी गळते.

आता नाव बदलतं कसं ते पाहू. सह्याद्रीच्या किंवा माथेरानच्या कड्यावरून उतरणारा प्रवाह वर असतो तेव्हा त्याला बहुधा धबधब्याचं किंवा कोंडाचं नाव असतं. पायथ्याशी आला की तो एखाद्या वाडीचा ओहोळ किंवा व्हाळ होतो. सपाटीवर गावाचं नाव लागतं. कर्जतकडची पोशीर नदी आणि पोशीर गाव ही अशीच जोडी. पुढे औद्योगिक वसाहतीची हद्द लागली की त्याचा नाला होतो, सिडकोच्या नोडमध्ये, म्हणजे आखून वसवलेल्या उपनगरात, शिरला की त्याला काँक्रीटच्या भिंती मिळतात, भरतीच्या पाण्यापाशी पावसाचं पाणी साठवून धरणारा धारण तलाव लागतो आणि तिथून पुढे सगळी खाडी. खारघरचा पांडवकडा घ्या. 107 मीटर उंचीचा हा धबधबा सगळ्या महामुंबईला ठाऊक आहे; दर पावसाळ्यात तिथे बंदीचे फलक लागतात आणि तरीही माणसं बुडतात. पण कड्यावरून पडलेलं तेच पाणी खाली वसाहतीतून खाडीकडे जाताना त्याला काय म्हणायचं? नाला. कड्याला नाव आहे, पाण्याला नाही.

वरच्या वाडीत एक नाव आणि खालच्या गावात दुसरं, यात गैर काही नाही. माणसाला जेवढा प्रवाह दिसतो तेवढ्याला तो नाव देतो. ज्या काळी पाण्याचा संबंध आपल्या गावच्या बांधापुरता होता, त्या काळी ते पुरेसं होतं. आज वरच्या अंगाला सोडलेलं रसायन खालच्या अंगाला दुसऱ्याच महापालिकेच्या हद्दीत नाकाला झोंबतं. तेव्हा गावाच्या बांधाएवढं नाव पुरत नाही.

नदी की नाला, हा वाद वाटतो तितका शाब्दिक नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे नदी, ओढा, नाला, तलाव यांची पात्रं सरकारी मालकीची असतात, म्हणजे मालकीपुरता दोघांत फरक नाही. फरक पडतो तो पात्राच्या बाहेर. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत बांधकामासाठी नदीच्या पाण्याच्या कडेपासून 15 मीटर सोडावे लागतात. नाल्यासारख्या लहान प्रवाहाला त्याहून कमी. शहरातल्या जमिनीच्या भावात हे काही मीटर म्हणजे इमारतीची एक अख्खी रांग. शिवाय पूररेषा. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतलं क्षेत्र निषिद्ध, निळ्या-लाल रेषांमधलं नियंत्रित. पाटबंधारे खात्याचं 1989 चं परिपत्रक या सगळ्याच्या मुळाशी आहे. पण पूररेषा आखायची तर आधी कागदावर नदी असावी लागते. नाल्यासाठी पूररेषा आखायला सहसा कुणी बसत नाही. त्याच्या वाट्याला मे महिन्यातली नालेसफाई येते, तेवढंच.

प्रदूषणाचंही तसंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातल्या प्रदूषित नद्यांचे 351 पट्टे जाहीर केले, त्यांतले 53 एकट्या महाराष्ट्रातले. ही यादी ‘अमुक नदी, या गावापासून त्या गावापर्यंत’ अशी लिहिलेली असते. ज्या प्रवाहाला नाव नाही, दोन टोकं नाहीत, तो या यादीत शिरणार तरी कसा? त्याचं पाणी कितीही काळं असो, कागदावर ते मैलापाणीच ठरतं.

वालधुनी हे याचं ठळक उदाहरण. अंबरनाथजवळच्या काकोळे परिसरातल्या टेकड्यांतून ती निघते. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून जीआयपी रेल्वेने (आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वसुरीने) तिथे धरण बांधलं, ते अजून उभं आहे. खाली अंबरनाथचं शिवमंदिर तिच्याच काठावर आहे. शिलाहारांच्या काळातल्या या मंदिरातल्या लेखावर शके 982, म्हणजे इसवी सन 1060 आहे. असं मंदिर कुणी नाल्याच्या काठी बांधत नाही. पुढे ती उल्हासनगरातून, विठ्ठलवाडीवरून कल्याणला जाऊन उल्हासच्या खाडीला मिळते. उल्हासनगरची गंमत अशी की 1949 साली निर्वासितांच्या छावणीला नाव दिलं गेलं ते कडेने जाणाऱ्या उल्हास नदीचं. मधोमध वाहणारी वालधुनी मात्र हळूहळू नाला म्हणवून घेऊ लागली. नोव्हेंबर 2014 मध्ये तिच्यात रसायन ओतलं गेलं आणि उठलेल्या वायूने शेकडो लोकांना रुग्णालयात जावं लागलं. टँकर रिकामा करणाऱ्याला नदी आणि गटार यांतला फरक माहीत असतो. तो गटार म्हणवला जाणारा प्रवाहच निवडतो, कारण तिथे वास आला तर कुणी दचकत नाही.

मुंबईने हा धडा आधी घेतला होता. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्या दिवसापर्यंत बहुतेकांना जो नाला वाटत होता तो मिठी नदी निघाला. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमपर्यंत जेमतेम अठरा किलोमीटरचा प्रवाह. पण नदी म्हटल्यावर त्यासाठी प्राधिकरण झालं, रुंदी-खोलीचे आकडे ठरले, निधी आला. त्या निधीचं पुढे काय झालं हा वेगळा आणि कडू विषय. मुद्दा इतकाच की नाव आल्यावर निदान हिशेब मागता येतो.

आता थोडं गणित, कारण या बाबतीत गणिताइतकं स्पष्ट कुणी बोलत नाही. समजा डोंगरउतारावरच्या एका ओढ्याचं पाणलोट 200 हेक्टर आहे. ताशी 50 मिलिमीटर पाऊस त्यावर पडला तर तासाला एक लाख घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 28 घनमीटर पाणी पडलं. जंगल, गवत, शेत असताना त्यातलं अर्धं लगेच वाहून येईल असं धरू: सेकंदाला 14 घनमीटर. पाण्याचा वेग सेकंदाला 2 मीटर असेल तर 7 चौरस मीटरचं पात्र पुरतं. 2 मीटर खोली धरली तर रुंदी साडेतीन मीटर. आता त्याच पाणलोटात इमारती, रस्ते, फरशा झाल्या आणि 80 टक्के पाणी वाहू लागलं: सेकंदाला 22 घनमीटर, 11 चौरस मीटर, रुंदी साडेपाच मीटर. वसाहत झाल्यावर पात्र दीडपटीहून जास्त रुंद व्हायला हवं. होतं उलटच. आधी मुळातलं वळणदार पात्र ‘सरळ’ केलं जातं, मग भूखंडाच्या कडेने काटकोनात वळवलं जातं, मग त्यावर स्लॅब पडतो आणि शेवटी रस्त्याखालची मोरी वरच्या पात्रापेक्षा अरुंद निघते. काटकोनात वेग मोडतो, वेग मोडला की गाळ बसतो, गाळ बसला की दोन मीटरची खोली सव्वा मीटर होते. त्यातच भरती असली तर खाडीच्या तोंडाशी झडपा बंद आणि पाण्याला थांबायला धारण तलावच. तोही गाळाने आणि कांदळवनाने उथळ झालेला. मग रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं की दोष पावसाला.

यात नावाचा संबंध कुठे? वरचा वनखात्याचा ओहोळ, मधला एमआयडीसीचा नाला आणि खालचा नोडमधला चॅनेल हे तीन वेगळे प्रवाह म्हणून तीन कार्यालयांत नोंदलेले असतात, तेव्हा 200 हेक्टरांचं गणित कुणीच करत नाही. प्रत्येक जण आपल्या तुकड्यापुरतं पाणी मोजतो. एका नावाखाली एक पाणलोट आला की मोरीची रुंदी ठरवणाऱ्या अभियंत्याला वरचं सगळं पाणी मोजावंच लागतं.

मग मुख्य नदी कोणती आणि उपनदी कोणती, हे कसं ठरवायचं? मापं चार. संगमापर्यंतची लांबी, पाणलोटाचं क्षेत्र, वाहणाऱ्या पाण्याचं प्रमाण आणि संगमातला कोन, म्हणजे कोणता प्रवाह फारसा न वळता पुढे जातो. ही चारही एकाच बाजूने बोलतील असं नाही. लांबीने मोठी नदी कमी पावसाच्या उतारावरून आली तर पाण्याने धाकटी ठरते. म्हणूनच पाचवं माप, रूढी, तेही मोजावं लागतं. पुण्यात मुळा आणि मुठा यांत कुणीच कुणाला उपनदी मानलं नाही, संगमापुढे मुळा-मुठा असं जोडनाव राहिलं. हेही एक सभ्य उत्तर आहे. आपल्याकडे उल्हास, काळू, भातसा या तिघींना स्वतंत्र पाणलोट आणि स्वतंत्र गावं आहेत. उल्हास मोठी म्हणून बाकीच्यांना ‘उल्हासचा फाटा’ म्हणणारा नकाशा चुकीचाच.

‘ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये’ असं आपण म्हणतो. पाण्याच्या बाबतीत तरी ही म्हण मोडायला हवी, कारण मूळ शोधलं की भलतंच सापडतं. उल्हास राजमाचीच्या दरीतून येते हे खरं. पण मे महिन्यात बदलापूर, उल्हासनगर, कल्याण जे पाणी उचलतात त्यातला मोठा वाटा राजमाचीचा नसतो. घाटमाथ्यावर ठोकरवाडीला आंद्रा नदी अडवलेली आहे. तिचं पाणी 1922 पासून भिवपुरीच्या वीजकेंद्रात वीज करून कोकणात उतरतं, पेज नदीत येतं आणि पेजेतून उल्हासला. आंद्रा ही इंद्रायणीला मिळणारी, म्हणजे भीमा-कृष्णेच्या घरची. तिने खरं तर बंगालच्या उपसागरात जायचं. पाताळगंगेचंही तसंच: लोणावळ्याच्या माथ्यावरचं पाणी खोपोलीच्या वीजकेंद्रातून 1915 पासून तिच्यात येतं. दोन्ही नद्या उन्हाळ्यात वाहत्या दिसतात त्या या उसन्या पाण्यामुळे. उपनद्यांची अधिकृत नोंद करायची तर पेजेच्या रकान्यात हे लिहिलंच पाहिजे. नाहीतर नकाशा एक मार्ग दाखवतो आणि पाणी दुसऱ्याच मार्गाने येतं. घाटावरून ‘आमचं पाणी आम्हाला परत द्या’ अशी मागणी अधूनमधून होते, तेव्हा खालच्या शहरांना काय तुटणार आहे याचा पत्ताच नसतो.

खाडीबद्दल थोडक्यात. कल्याणच्या पुढे उल्हास हे नाव विरघळतं. डोंबिवलीला रेतीबंदर, मुंब्र्याला मुंब्र्याची खाडी, मग कळव्याची, घोडबंदरची आणि शेवटी वसईची. नदी संपून खाडी कुठे सुरू होते याचं कायद्यातलं उत्तर मिठात आहे: सागरी किनारा नियमनात ऐन उन्हाळ्यात पाण्याची क्षारता हजारी 5 भाग जिथे भरते तिथपर्यंत भरतीचा प्रभाव धरतात. वरून गोडं पाणी कमी आलं की ही हद्द वर सरकते. कोळ्यांना ती मासळीवरून कळते, कागदाला उशिरा. तेव्हा नोंदीत संगमाचा बिंदू लिहिताना तो कुठल्या वर्षी आणि कुठल्या महिन्यात मोजला, हे लिहावं.

हे काम करायचं कसं, तर अवघड नाही पण कष्टाचं आहे. आधी सर्व्हे ऑफ इंडियाचा एकास पन्नास हजार प्रमाणाचा नकाशा घ्यावा. त्यावर हंगामी ओढे काळ्या रेषेने आणि पाणी असलेले प्रवाह निळ्याने दाखवलेले असतात. काळी रेघ दिसली की ‘कोरडा, म्हणजे बिनकामाचा’ असं समजण्याची चूक पहिल्या दिवशीच होते. मग तालुका भूमी अभिलेखातून गावनकाशे काढावेत. त्यांत ओढा दोन रेघांत असतो, कारण तिथे त्याची रुंदी जमिनीतून वजा केलेली असते. एका गावच्या नकाशावरचा ओढा शेजारच्या गावच्या नकाशावर त्याच जागी, तेवढ्याच रुंदीने पुढे जातो का, हे शिवेवर ताडून पाहावं. पुष्कळदा तो शिवेपाशी अर्धा होतो. ती जुनी चूक असू शकते किंवा नवी भरणी; दोन्ही शोधण्यासारख्या.

उपग्रहाच्या उंचीच्या माहितीवरून संगणक आपोआप प्रवाह काढून देतो, म्हणून हल्ली चालण्याचा कंटाळा केला जातो. फुकट मिळणाऱ्या या माहितीत एक चौकट 30 मीटरची असते. सहा मीटर रुंदीचा ओढा त्यात दिसणार नाही. संगणक सगळ्यांत खोल चौकट शोधत जातो आणि सपाट, भरणी केलेल्या नोडमध्ये ती रेघ बिनदिक्कत एखाद्या रस्त्यावरून किंवा रेल्वेच्या बाजूने नेतो. कड्याखाली सावली पडते तिथेही तो गोंधळतो. डोंगरात ही पद्धत चांगली चालते, खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारट दलदलीत, नाही. म्हणून प्रत्येक प्रवाह दोनदा चालावा: एकदा मे महिन्यात, पात्र आणि त्यातली घुसखोरी दिसते म्हणून, एकदा जुलैत, पाणी खरोखर कुठून येतं ते कळतं म्हणून. मोरी आली की तिची रुंदी, उंची आणि तळाचा गाळ मोजावा. उगम म्हणजे सगळ्यांत लांब फाट्याचं टोक, देवळातलं कुंड नव्हे. कुंडाचं महत्त्व आहे, ते वेगळ्या रकान्यात लिहावं.

नाव विचारताना तीन जागी विचारावं: उगमाजवळच्या पाड्यात, मधल्या गावात आणि खाडीच्या तोंडाशी. पाड्यात कातकरी, ठाकर, खाली आगरी, तोंडाशी कोळी. एकट्या सरपंचाला किंवा शाखाप्रमुखाला विचारून आलेलं नाव धरू नये. ‘या नदीचं नाव काय’ असं विचारलं तर पुष्कळदा ‘नदीच म्हणतात’ असं उत्तर येतं. त्याऐवजी ‘गुरं पाण्यावर कुठे नेता, गणपती कुठे बुडवता, मासे कुठल्या कोंडात मिळतात’ असं विचारलं की नावं बाहेर पडतात. सगळी लिहून घ्यावीत. एकापेक्षा जास्त निघाली तर सर्वांत लांब अंतरावर चालणारं नाव अधिकृत करावं आणि बाकीची, कुठून कुठपर्यंत चालतात त्या अंतरासह, त्याखाली ठेवावीत. गावोगावच्या जैवविविधता समित्यांकडे कायद्याने लोक जैवविविधता नोंदवही असतेच; नवी समिती नेमण्याआधी ती उघडावी.

आणि नाव देवनागरीत आधी लिहावं, रोमन लिपीत नंतर. उलटं झालं की काय होतं ते पनवेलच्या गाढी नदीला विचारा. माथेरानच्या डोंगरातून येणारी, गाढेश्वर धरणातून पनवेलला पाणी पाजणारी ही नदी इंग्रजीतून परत मराठीत येताना कधी गाधी होते, कधी चक्क गधी. तळोज्याची कासाडी कुठे कासार्डी असते. ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्यात कारखान्याच्या रंगाने निळे झालेले कुत्रे दिसले तेव्हा या नदीचं नाव जगभर छापून आलं, वेगवेगळ्या स्पेलिंगांत. पाण्याच्या नमुन्याचे अहवाल शोधताना एका स्पेलिंगखाली निम्मेच सापडतात. व्युत्पत्तीचा मोहही टाळावा. संस्कृतात ‘धुनी’ म्हणजे नदी, ‘स्वर्धुनी’ म्हणजे गंगा, म्हणून वालधुनीचा अर्थ लगेच लावून मोकळं होऊ नये. सारखा आवाज हा पुरावा नव्हे. जुने दानलेख, सनदा, जमाबंदीचे कागद बोलले तर ठीक. नाहीतर नाव आहे तसं लिहावं आणि अर्थाचा रकाना रिकामा सोडावा.

आक्षेप येतात. पहिला गंभीर आहे: उद्या नाल्याला नदी म्हटलं तर काठच्या हजारो घरांचं काय? ती घरं बहुधा गरिबांची आहेत, आणि नदीच्या नावाने बुलडोझर आधी त्यांच्यावरच जातो, मागच्या टॉवरवर नाही. ही भीती खरी आहे. पण नाव न दिल्याने ती घरं कोरडी राहत नाहीत. पूर कागद वाचून येत नाही. उलट पूररेषा आखली तर पुनर्वसनाचा हक्क मागायला आधार मिळतो. आज तिथल्या माणसाला पंचनाम्याचे पैसे आणि पुढच्या वर्षी तेच पाणी. यासाठी अट मात्र हवी: नव्या बांधकामांना नियम त्या दिवसापासून, जुन्या घरांना पर्यायी घर दिल्याशिवाय हात नाही. हे लिहून घेतल्याशिवाय नोंदवही स्वीकारू नये असं रहिवासी म्हणाले, तर ते बरोबरच म्हणतील.

दुसरा आक्षेप: नावं ठरवायला बसलं की नामांतरं सुरू होतील. होतील, म्हणून नियमच असा करावा की नवं नाव द्यायचंच नाही. जे बोललं जातं तेच नोंदायचं. पुलाला, चौकाला, स्टेशनला नेत्यांची नावं देण्याची हौस तिकडेच भागवावी. तिसरा आक्षेप, की नाला म्हणणं यात कमीपणा काय? काहीच नाही. डोंगरातला चांगला वाहता नाला नाला म्हणूनच नोंदवावा, पण नावासकट. ‘नाला क्रमांक 4’ हे नाव नव्हे.

उशीर झाला की काय होतं ते विमानतळाच्या जागी दिसतं. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. 2010 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली तेव्हा गाढी आहे तशी ठेवायची आणि उलवे वळवायची असा तोडगा निघाला होता. आज उलवे म्हटलं की सेक्टर आणि फ्लॅटचे भाव आठवतात. नदी होती, ती कुठून यायची, हे पुढच्या पिढीला सांगायला जुना नकाशा काढावा लागेल.

सुरुवात कुठून करावी? जिथे वरचा भाग जंगलात, मधला कारखान्यांत आणि खालचा वस्तीत आहे तिथून. म्हणजे कासाडी, वालधुनी आणि पारसिकच्या डोंगरातून ठाणे-बेलापूर पट्ट्यात उतरणारे ओढे. ठाण्यात येऊरवरून घोडबंदर रस्ता ओलांडून खाडीला जाणारे प्रवाह. प्रत्येक पुलावर एक पाटी: नाव, उगम, संगम, वरच्या पाणलोटाचं क्षेत्र, आणि पुलाखालची मोरी सेकंदाला किती घनमीटर पाणी नेऊ शकते. शेवटचा आकडा लिहायला अभियंते नाखूष असतील, कारण पहिल्याच पावसाळ्यात तो तपासला जाईल.

आणि धावरीसाठी तर सर्वेक्षणाचीही वाट पाहायला नको. पाणीपट्टीच्या बिलावर ‘स्रोत’ असा एक रकाना वाढवायचा आणि त्यात लिहायचं: धावरी नदी, मोरबे धरण. या क्रमाने.